थांबा

जमीन माझी नाही, हे आधीच सांगते.
आजोबांनी ती एक्कावन्नच्या दुष्काळात विकली,
गवत, कुंपण, मेस्कीटची काटेरी झुडपं,
पवनचक्कीसकट सगळी.
दस्तात फक्त एक ओळ घालायला लावली:
खालचं आमचं.
खाली काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं.
घेणाऱ्यालाही नव्हतं, म्हणून तो हसला
आणि त्यानं सही केली.

त्या ओळीच्या वाटण्या होत होत
माझ्याकडे आला सहावा हिस्सा.
टेक्ससच्या त्या रानाकडेनं मी
एकतीस वर्षं शाळेची बस नेली,
माझ्याच मालकीवरून, परक्यासारखी.

मंगळवारी क्लेटन पावलिक आला.
टोपीवर कंपनीचं नाव, बुटांवर चुनखडीची धूळ.
"दोनच वर्षांची मुदतवाढ, मिस अल्बिना.
भाव तोच. नेहमीचा कागद आहे."

तीन वर्षं यांनी तिथं साधं भोक पाडलं नाही
आणि आता तीन दिवस उरले तर नेहमीचा कागद.
म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.
पाणी कसलं! शेजारच्या ब्लॉकला विहीर लागलीय.
रात्री तिथली ज्योत माझ्या न्हाणीघराच्या खिडकीत येते,
दिवा न लावता मला साबण सापडतो.

मी कॉफी ओतली.
पाचवा नाही, चौथा हिस्सा, म्हटलं.
आणि तो पुरा. वायू सुकवायचा, दाबायचा, वाहून न्यायचा खर्च
माझ्या चेकातून जाणार नाही.
(माझ्या बहिणीच्या, लुटगार्डाच्या चेकवर एकदा
एकशे चार डॉलर होते, कापून नऊ राहिले.
तिनं तो वटवला नाही. फ्रीजवर लावलाय, चुंबकाखाली.)
आणि जिथवर खणाल तिथवर तुमचं,
त्याच्या खालचं सोडायचं.

"त्याच्या खालचं घेऊन काय करणार तुम्ही?"
आजोबांनाही कुणीतरी हेच विचारलं असेल.

मी बोलले नाही. मला माहीत होतं,
क्लेटनला गप्प बसवत नाही.
नऊ वर्षं तो माझ्याच बसमध्ये होता,
खडीच्या रस्त्यावरचा शेवटचा थांबा.
रोज उशीर. एक बूट पायात, एक हातात,
आणि मी इंजिन चालू ठेवून दोन मिनिटं थांबायची.
नियमात बसत नव्हतं ते.
दोन मिनिटं, वर्षाचे एकशे ऐंशी दिवस, नऊ वर्षं:
चोपन्न तास.
हा हिशेब मी मंगळवारी पहिल्यांदा केला
आणि केल्याची जरा लाजच वाटली.

तो ट्रककडे गेला, फोनवर बोलला, चाकाला लाथ मारली.
परत येऊन म्हणाला, "ह्यूस्टनवाले तेवीस टक्के म्हणताहेत."
ह्यूस्टनला सांग, म्हटलं, कॉफी संपली.

बुधवारी कुणी आलं नाही.
गुरुवारी भाचा आला. म्हणाला, मावशी,
हातचं सोडून पळत्याच्या मागं कशाला?
तो गेल्यावर मी छताच्या ठेकेदाराचं बिल काढलं,
पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवलं,
पुन्हा काढलं.
त्यांनी मुदत सरूच दिली तर?
तर माझ्याकडे राहील आजोबांची ओळ,
आणि ओळ काही छतावर घालता येत नाही.

शुक्रवारी रात्री अकरा चाळीसला
फाटकाच्या सळ्यांवरून चाकं खडखडली.
क्लेटन उतरला. मागच्या सीटवरून
नोटरीबाई उतरल्या, झोपेतून उठवलेल्या,
पायात घरच्या सपाता, हातात शिक्का.

चौथा हिस्सा. खर्च कापणार नाहीत.
मुदत दोन नाही, एकच वर्ष.
खालचं सोडण्याचं कलम मात्र
कुणीतरी शाईनं खोडलेलं.

मी चष्मा पुसला.
पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, ओळीवर बोट ठेवून.
नोटरीबाईंनी जांभई दिली.
क्लेटन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता,
मग माझ्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे.

"मिस अल्बिना," तो म्हणाला.

थांब, म्हटलं. मी सातव्या पानावर आहे.